‘तीन हजारांचा स्टॉल बसवा, चाळीस घोडे फुकट मिळवा’ : एका फिरत्या दाव्याची तपासणी

ठाणे आणि नवी मुंबईतल्या गाडीवेड्या मंडळींच्या मोबाइलवर गेले काही महिने एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा : ऑटोमॅटिक गाडीचा मूळ टॉर्क कन्व्हर्टर काढून ‘तीन हजार स्टॉल’चा (तीन हजार रुपये नव्हे, इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या, म्हणजे आरपीएम) बसवला की तीस-चाळीस अश्वशक्ती फुकटात वाढते, तो कुठल्याही ऑटोमॅटिकला चालतो, स्टॉल जितका वरचा, तितकी गाडी जोरात, वेगळा कूलर किंवा संगणकातले बदल लागत नाहीत, आणि रोजच्या वापरात फरक जाणवतही नाही. घोडबंदर रस्त्यावर राहून मी असा बदल केलेली एक जुनी व्ही-सिक्स सेडान चार वर्षे चालवली आहे, त्यामुळे माझा विरोध बदलाला नाही, तर या मजकुरातल्या गणिताला आहे.

आधी यंत्र काय करते ते पाहू. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे तेलाने भरलेले एक बंद भांडे. इंजिनाबरोबर फिरणारा इंपेलर तेल फेकतो, त्या तेलाच्या माऱ्याने समोरचा टर्बाइन फिरतो आणि गिअरबॉक्सला गती देतो, तर दोहोंच्या मधला स्टेटर परतणारे तेल असे वळवतो की टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढतो. गाडी जागेवरून निघताना ही वाढ साधारण दुप्पट असते आणि टर्बाइनचा वेग इंपेलरच्या जवळ पोहोचेपर्यंत ती संपून जाते. खंडाळ्याच्या घाटात ट्रकमागे अडकलेला चालक हाफ क्लचवर गाडी धरतो, तसेच काहीसे हे काम आहे. फक्त क्लच प्लेटऐवजी इथे तेल घसरते. टर्बाइन जागीच अडवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर इंजिन जास्तीत जास्त जितक्या आरपीएमपर्यंत चढते, तो आकडा म्हणजे स्टॉल.

आता अश्वशक्तीचा दावा. कन्व्हर्टर इंधन जाळत नाही, त्यामुळे तो शक्ती निर्माण करू शकत नाही. तो टॉर्क वाढवतो तेव्हा वेग त्याहून जास्त घटवतो आणि मधला फरक उष्णतेत जातो. उलट सैल, म्हणजे वरच्या स्टॉलचा, कन्व्हर्टर असलेली गाडी रोलर डायनोवर, म्हणजे चाकांची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, घेतली, तर चाकांशी मिळणारा आकडा बहुधा थोडा कमीच भरतो. मग निघताना गाडी झेपावते ती कशी? ज्या इंजिनाचा जोर २,००० आरपीएमच्या खाली लुळा असतो, म्हणजे ज्यात शर्यतीचा कॅमशाफ्ट किंवा मोठा टर्बो बसवलेला असतो, ते इंजिन वरच्या स्टॉलमुळे सुरुवातीलाच आपल्या भरदार पट्ट्यात पोहोचते. ड्रॅग शर्यतीत पहिल्या ६० फुटांची, म्हणजे सुमारे १८ मीटरची, वेळ वेगळी मोजतात, आणि हा फायदा मुख्यतः तिथेच दिसतो. अर्धसत्य आहे ते एवढेच. परंतु फोक्सवॅगन-स्कोडाच्या एक लिटर टीएसआय इंजिनाला १७८ न्यूटन-मीटरचा पूर्ण टॉर्क १,७५० आरपीएमलाच मिळतो, आणि बीएमडब्ल्यूच्या जी-२० पिढीतल्या ३३०आय गाडीला ४०० न्यूटन-मीटर १,५५० पासूनच. कारखान्यातूनच इतक्या खाली भरदार असलेल्या इंजिनाला वर चढवून मिळणारा लाभ आक्रसतो, आणि इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना जाणाऱ्या गाडीत तर तो पावसाळ्यातल्या रस्त्यावर टायर घसरण्यातच संपतो.

‘तीन हजारांचा स्टॉल’ हा शब्दप्रयोगच या मजकुरातला सर्वांत मोठा घोटाळा आहे. स्टॉल हा कन्व्हर्टरवर कोरलेला गुण नसून इंजिन आणि कन्व्हर्टर यांच्या ओढाताणीतून ठरणारा आकडा आहे. कन्व्हर्टर जो टॉर्क पेलतो, तो आरपीएमच्या वर्गाच्या आणि व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात असतो. म्हणून ५०० न्यूटन-मीटर देणाऱ्या अमेरिकन व्ही-एटच्या मागे जो कन्व्हर्टर २,८०० आरपीएमला स्टॉल होतो, तोच २५० न्यूटन-मीटरच्या इंजिनामागे सुमारे १,९८० लाच अडतो, कारण टॉर्क निम्मा झाला की आरपीएम दोनाच्या वर्गमुळाने भागला जातो. आणि व्यास १२ इंचांवरून १० इंचांवर आणला, पात्यांची रचना तीच ठेवली, तर २,००० चा स्टॉल ३,१०० च्या पुढे जातो. मीही इथे फसलो. परदेशातून कन्व्हर्टर मागवताना मी अर्जात इंजिनाचा कमाल टॉर्क लिहिला आणि २,८०० चा स्टॉल मागितला. पण तो कमाल टॉर्क चार हजारांच्या पुढे मिळणारा होता, स्टॉलच्या आरपीएमला मिळणारा नव्हे, आणि हाती आले जेमतेम २,६००. नंतरच्या अनुभवाने ती चूक पथ्यावरच पडली असे म्हणावे लागेल. विक्रेत्याने टॉर्कचा आलेख, गाडीचे वजन, टायरचा व्यास आणि फायनल ड्राइव्हचे (चाकांआधीच्या शेवटच्या गिअरजोडीचे) गुणोत्तर न विचारता नुसता आकडा विकायला काढला, तर तो आकडा कोणत्या इंजिनामागे मोजला, हे आपणच विचारले पाहिजे.

‘जितका वरचा तितका चांगला’ या कल्पनेला उत्तर देण्यासाठी फार दूर जायला नको. घट्ट कन्व्हर्टर रस्त्यावर शांत आणि किफायतशीर असतो, सैल कन्व्हर्टर निघताना जोरदार असतो, आणि दोन्ही एकाच वेळी हवे असतात, ही अडचण कारखान्यांना जुनीच आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यात ब्यूइकने स्टेटरच्या पात्यांचा कोन चालू गाडीत बदलणारे गिअरबॉक्स विकले, ते याच कारणाने. नुसता वरचा स्टॉल सर्वच दृष्टींनी चांगला असता, तर एवढी गुंतागुंत कोणी केली नसती.

‘कुठल्याही ऑटोमॅटिकला बसतो’ हे तर दोन वाक्यांत निकालात निघते. एएमटी म्हणजे नेहमीचाच क्लच आणि नेहमीचाच गिअरबॉक्स, फक्त पायाचे आणि हाताचे काम यंत्रणा आपोआप करते. डीसीटी किंवा डीएसजीत दोन क्लच असतात. या दोहोंत टॉर्क कन्व्हर्टर नसतोच, त्यामुळे फोक्सवॅगन व्हर्टस किंवा स्कोडा स्लाव्हियाच्या एक लिटरच्या सहा गिअरी ऑटोमॅटिकमध्ये तो आहे आणि त्याच गाड्यांच्या दीड लिटरच्या डीएसजीत नाही.

कूलर लागत नाही, हा दावा मात्र निरुपद्रवी नाही. स्टॉलच्या क्षणी गाडी जागची हलत नाही, म्हणजे इंजिनाची सगळी शक्ती तेल तापवण्यात जाते. २०० न्यूटन-मीटर आणि २,५०० आरपीएम यांचा गुणाकार केला तर ती सुमारे ५२ किलोवॉट भरते. घरातला दोन किलोवॉटचा गिझर धरला, तर असे सव्वीस गिझर एका पातेल्याएवढ्या भांड्यात. कन्व्हर्टरमध्ये चार लिटर तेल धरले आणि धातूने शोषलेली उष्णता बाजूला ठेवली, तर तेल दर सेकंदाला सात-आठ अंशांनी तापते. स्टॉलची चाचणी पाच सेकंदांपेक्षा जास्त करू नये, असे सांगतात ते यामुळेच. रस्त्यावर कोणी सतत स्टॉल करत नाही हे खरे, पण कासारवडवलीहून माजिवड्याकडे येताना मेट्रोच्या कामामुळे अरुंद झालेल्या रस्त्यावर गाडी तासभर वीस-वीस फूट सरकते, आणि प्रत्येक सरकण्यात सैल कन्व्हर्टर मूळच्यापेक्षा जास्त घसरतो. त्यातच समोरून वारा नसतो, आणि रेडिएटरच्या आत बसवलेला मूळ कूलर तेलाला इंजिनाच्या पाण्यापेक्षा थंड करू शकत नाही. गिअरबॉक्सचे तेल ठरावीक तापमानाच्या वर गेले की दर दहा अंशांना त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. मी तापमापक लावला तेव्हा पाम बीच रस्त्यावर सुखाने ८५ अंशांवर राहणारा काटा मे महिन्यातल्या घोडबंदरवर ११५ च्या पुढे गेला, आणि त्याच आठवड्यात मी स्वतःचा पंखा असलेला वेगळा कूलर बसवला.

रोजच्या वापराबद्दल दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. मजकूर म्हणतो की फरक कळत नाही. विरोधक म्हणतात की इंजिन तीन हजारांवर गेल्याशिवाय गाडी हलतच नाही. दुसरे विधानही चूक आहे. पूर्ण दाबावर ३०० न्यूटन-मीटरला ३,००० चा स्टॉल असेल, तर हलक्या पायाने ६० न्यूटन-मीटर मागितल्यावर तोच कन्व्हर्टर १,३५० च्या आतच अडतो, आणि गाडी त्याआधीच चालू लागलेली असते. फरक जाणवतो तो वेगळ्या जागी : ब्रेक सोडल्यावर गाडीने आपोआप सरकणे कमी होते, उड्डाणपुलाच्या चढावर थांबलेली गाडी किंचित मागे येते, आणि पाय न वाढवताही इंजिनाचा आवाज वेगाच्या पुढे पळतो. बायकोने पहिल्याच फेरीत विचारले होते, ‘क्लच घसरतोय का हो?’ निदान अगदीच चूक नव्हते.

संगणकाचे म्हणाल, तर चार गिअरच्या जुन्या हायड्रॉलिक गिअरबॉक्सला त्याची फारशी गरज नसते. पण आठ गिअरच्या आधुनिक गिअरबॉक्सचा नियंत्रक किती घसरण अपेक्षित आहे हे जाणतो आणि तिच्यावरून लॉक-अप क्लच (इंपेलर आणि टर्बाइन थेट जोडून घसरण थांबवणारा क्लच) कधी व किती दाबायचा ते ठरवतो. अपेक्षेपेक्षा जास्त घसरण दिसली की तो पी०७४१ सारखा दोष नोंदवतो, आणि पुढे तापमान वाढून गिअरबॉक्स सुरक्षित अवस्थेत जाऊ शकतो. लॉक-अप चालू राहिला, तर अटल सेतूवर ८०-९० च्या वेगात मूळ आणि बदललेल्या कन्व्हर्टरच्या मायलेजमध्ये नगण्य फरक पडतो. तो बंद करून किंवा लॉक-अप नसलेला स्वस्त कन्व्हर्टर घेऊन ‘साधेपणा’ साधणाऱ्याला मात्र प्रत्येक किलोमीटरला पेट्रोल आणि उष्णता दोन्ही मोजावी लागतात.

मजकुरात बसवण्याच्या कामाबद्दल एक अक्षर नाही, आणि माझे सर्वाधिक पैसे तिथेच गेले. कन्व्हर्टर आधी तेलाने भरून घ्यावा लागतो आणि फिरवत फिरवत गिअरबॉक्सच्या आत पूर्ण बसवावा लागतो. शेवटच्या टप्प्यात त्याची मान तेलपंपाच्या खाचेत गेली, तर गिअरबॉक्स इंजिनाला जोडल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट (इंजिनाच्या टोकाची, कन्व्हर्टरला जोडणारी चकती) यांच्यामध्ये तीन ते पाच मिलिमीटर फट उरते आणि तो हाताने सहज फिरतो. वागळे इस्टेटमधल्या ज्या गॅरेजमध्ये मी काम दिले, तिथल्या कारागिराने ही फट न पाहता बोल्ट आवळून दोन्ही भाग जवळ ओढले. इंजिन सुरू होताच कर्रकन आवाज आला, आणि तेलपंपाचे तुकडे चाळणीत सापडले. पंप पुन्हा मिळायला सात आठवडे गेले. दुसऱ्यांदा मी फट मोजायच्या पट्ट्या, म्हणजे फीलर गेज, घेऊन गॅरेजमध्ये उभा राहिलो, फट चार मिलिमीटर भरली, आणि मगच बोल्ट आवळू दिले.