नव्या देशात मैत्रीला लागणारे तास

नव्या देशात राहायला गेलेल्या माणसाला व्हिसा, भाड्याचे घर, बँकेतले खाते, मुलांची शाळा आणि वाहन चालवण्याचा परवाना यांविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात आणि त्यातला बराचसा सल्ला उपयोगीही पडतो. मैत्रीविषयी मात्र सगळ्यांकडून एकच वाक्य ऐकू येते : ‘लोकांत मिसळत जा.’ मी परदेशात आल्यावर हे मलाही अनेकांनी सांगितले. सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण एकट्या पडलेल्या माणसाचा स्वभावच कुठेतरी कमी पडतो आहे, असे त्या वाक्यात गृहीत धरलेले असते. हे गृहीतक मला मान्य नाही. चारचौघांत सहज बोलणारी माणसे परदेशात वर्षानुवर्षे एकटी राहिलेली मी पाहिली आहेत आणि मुलखाची अबोल माणसे तिथे छान रुळलेलीही पाहिली आहेत. मैत्री जमणे हे स्वभावापेक्षा त्याच त्या माणसांना पुन्हा पुन्हा भेटण्याच्या सोयीवर अधिक अवलंबून असते, आणि देश बदलताना नेमकी तीच सोय नाहीशी होते, असे माझे मत आहे.

आपल्या जुन्या मित्रांची यादी मनात आणून पाहावी. त्यांतले बहुतेक शाळेतल्या एकाच बाकावर, वसतिगृहातल्या एकाच मजल्यावर किंवा एकाच जिन्यावर भेटलेले असतात. त्यांना कोणी शोधायला गेले नव्हते. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक या तीन संशोधकांनी अमेरिकेतल्या ‘एमआयटी’ या संस्थेच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास करून त्याचे निष्कर्ष १९५० मध्ये प्रसिद्ध केले. कोणाची कोणाशी मैत्री झाली, याचे उत्तर आवडीनिवडींपेक्षा दारांमधल्या अंतरात अधिक सापडत होते. शेजारच्या दारातल्या माणसाशी मैत्री होण्याची शक्यता सर्वाधिक होती, आणि खालच्या मजल्यावर जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना वरच्या मजल्यावरचे मित्र इतरांपेक्षा अधिक मिळाले होते. ते काही अधिक मनमिळाऊ नव्हते; येणारा-जाणारा त्यांच्या दारावरून जात होता, एवढेच.

या बाबतीत मला सर्वांत उपयोगी वाटलेला अभ्यास कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा आहे. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात नुकतेच राहण्याचे ठिकाण बदललेले प्रौढ मुद्दाम घेतलेले होते. नुसत्या ओळखीतून जुजबी मैत्रीपर्यंत यायला सुमारे ५० तास, खऱ्या अर्थाने मित्र म्हणण्याइतकी जवळीक व्हायला सुमारे ९० तास आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक तास एकमेकांच्या सहवासात जावे लागतात, असा त्यांचा ढोबळ अंदाज आहे. कामाच्या ठिकाणी शेजारी शेजारी बसून गेलेल्या तासांचे वजन त्यात कमी भरते, हेही त्यांना दिसले; स्वेच्छेने काढलेला मोकळा वेळ अधिक महत्त्वाचा ठरतो.

आता हेच तास नव्या देशातल्या आयुष्यात बसवून पाहा. एखाद्या कुटुंबाशी आपले सूर जुळले आणि महिन्यातून एकदा दोन तास त्यांच्याकडे ऊठबस होऊ लागली, तरी २०० तास पूर्ण व्हायला आठ वर्षांहून अधिक काळ लागेल. तीच भेट आठवड्याला होऊ लागली, तर साधारण दोन वर्षे पुरतील. त्यामुळे ‘एकदा निवांत भेटू या’ असे म्हणून निरोप घेणारी दोन माणसे एकमेकांना कितीही आवडत असली, तरी त्यांची मैत्री होणे अवघड असते. वसतिगृहात हेच २०० तास दोन महिन्यांत, कोणाच्या लक्षातही न येता उरकून जातात. परदेशात आल्यावर आपल्याला पूर्वीसारखे मित्र का मिळत नाहीत, असे अनेक जण खंतावून विचारतात, तेव्हा त्यांच्यात काही उणे झालेले नसते. तास जमत नाहीत, एवढेच झालेले असते.

म्हणून नवागतांच्या मेळाव्यांवर माझा फारसा विश्वास नाही. तिथे शंभर माणसांना आपले नाव, गाव आणि नोकरी सांगून आपण थकून घरी येतो आणि त्यांतले कोणीही पुन्हा दिसत नाही. त्यापेक्षा ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, त्याच दहा-पंधरा माणसांना एकत्र आणणारे काहीही चालेल : समूहगायन, भाषेचा वर्ग, हौशी खेळाडूंचा संघ, ग्रंथालयातले स्वयंसेवकांचे काम, डोंगर चढणाऱ्यांचा गट. त्यात आपल्याला गती आहे की नाही, हा प्रश्न दुय्यम आहे. जायचे की नाही हे दर वेळी नव्याने ठरवावे लागत नाही, हा त्याचा खरा गुण आहे. कारण दमलेल्या संध्याकाळी घरी बसण्याच्या बाजूने निर्णय होणार, हे ठरलेलेच असते. सुरुवातीच्या काही खेपांत हाती काही लागत नाही, लोक नुसते हसून मान हलवतात आणि आपण उपरे आहोत ही जाणीव उलट अधिकच टोचते. पण चेहरा नुसता ओळखीचा होण्यालाही किंमत असते. एखादी गोष्ट वारंवार दृष्टीस पडली की ती अधिक आवडू लागते, हे रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवले होते, आणि माणसांच्या बाबतीतही त्याचा प्रत्यय येतो. शिवाय अनोळखी माणसाशी बोलून झाल्यावर ‘आपण त्याला फारसे आवडलो नसणार’ असे जे मनात येते, ते बहुधा चुकीचे असते. एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हेच तपासले, तेव्हा समोरच्याला आपण जितके आवडलो असू, त्याहून कमीच आवडलो असे बोलणारे धरून चालत असल्याचे आढळले. परक्या भाषेत अडखळत बोललेल्या माणसाने हे जरूर लक्षात ठेवावे.

भाषेचा विषय निघालाच आहे, तर त्यावर थोडे थांबतो, कारण परदेशातल्या एकटेपणाचा हा भाग सहसा कोणी नीट सांगत नाही. दुसऱ्या भाषेत नोकरी उत्तम करता येते, भांडणही बऱ्यापैकी करता येते. विनोद करता येत नाही. आपल्या भाषेत जो माणूस हजरजबाबी, खवचट किंवा लाघवी असतो, तोच दुसऱ्या भाषेत गुळगुळीत आणि सपक वाटू लागतो. पाच-सहा स्थानिक माणसे एकत्र बोलत असतील, तर आपले वाक्य मनात जुळेपर्यंत विषय दोनदा बदललेला असतो. लोकांना आपण कंटाळवाणे वाटतो याहीपेक्षा आपणच स्वतःला कंटाळवाणे वाटू लागतो, हे अधिक वाईट. यावर मला दिसलेला उपाय असा, की घोळक्यापेक्षा एकेकट्याला भेटावे, आणि नुसते बोलत बसण्यापेक्षा हातांना काम असेल अशा ठिकाणी भेटावे. दोघे मिळून काही उचलत, दुरुस्त करत किंवा चढत असले, की संभाषणातले खड्डे कोणाला खुपत नाहीत.

‘इथली माणसे थंड आहेत’ ही तक्रार जगातल्या जवळजवळ प्रत्येक देशाविषयी तिथे नव्याने आलेले लोक करतात, आणि ती इतकी सार्वत्रिक आहे की तिचा त्या त्या लोकांच्या स्वभावाशी फारसा संबंध नसावा, असे मला वाटते. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डन्बर यांच्या मांडणीनुसार माणसाचे संबंध थरांमध्ये असतात : अगदी आतल्या वर्तुळात सुमारे ५ माणसे, मग १५, मग ५० आणि सर्व मिळून सुमारे १५०. या आकड्यांवर अभ्यासकांत वाद आहेत, पण मूळ मुद्दा पटण्याजोगा आहे. ज्याचे बालपण त्याच शहरात गेले, ज्याचे आईवडील आणि भावंडे हाकेच्या अंतरावर आहेत, त्याच्या आतल्या वर्तुळात जागा शिल्लक नसते. तो आपल्याशी सौजन्याने वागतो आणि निघून जातो, त्यात तिरस्कार नसतो. मग जागा कोणाकडे असते? ज्यांचे आयुष्य नुकतेच हलले आहे त्यांच्याकडे : त्याच देशातल्या दुसऱ्या शहरातून आलेला सहकारी, पहिल्या बाळानंतर घरात अडकलेली शेजारीण, नुकताच निवृत्त झालेला किंवा जोडीदार गमावलेला माणूस. अशा माणसांना आपली जितकी गरज असते, तितकीच आपल्याला त्यांची असते, आणि त्यामुळे त्या नात्यात उपकाराचा वास येत नाही.

आता आपल्याच भाषेच्या लोकांविषयी. परदेशात जाऊन आपल्याच माणसांच्या कोंडाळ्यात राहणे कमीपणाचे आहे, असे मानणारा एक वर्ग आहे. आणि परक्यांशी मैत्री कधी खरी होत नाही, असे मानणारा दुसरा. मला दोन्ही भूमिका आळशी वाटतात. परदेशी शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांच्या मैत्रीचा अभ्यास स्टीफन बॉकनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये मांडला, तेव्हा त्यांना तीन वेगवेगळी वर्तुळे दिसली. स्वदेशीयांमध्ये आपली भाषा, आपल्या रीती आणि आपण कोण आहोत याचे भान टिकते. स्थानिकांमुळे अभ्यास आणि तिथले व्यवहार सुकर होतात. आणि इतर देशांतून आलेल्या परक्यांबरोबर मोकळा वेळ मजेत जातो. यांतल्या एकाच वर्तुळाकडून तिन्ही गोष्टींची अपेक्षा केली की निराशा होते. स्वदेशीयांच्या मंडळात हेवेदावे, कोण कोणत्या गावचा याच्या चौकशा आणि घराच्या आकारावरून होणारी प्रतवारी हे सगळे असते, हे मी नाकारत नाही. तरीही रात्री-अपरात्री रुग्णालयात जावे लागले, तर संकोच न करता ज्याला उठवता येते असे माणूस पहिल्या वर्षी बहुधा तिथूनच मिळते. तिसऱ्या वर्तुळाकडे मात्र आपण फार दुर्लक्ष करतो. तिसऱ्याच देशातून आलेल्या माणसाला आपली भाषा कळत नसली, तरी निवास परवान्याच्या नूतनीकरणाची धास्ती त्याला समजावून सांगावी लागत नाही.

फोनवरून रोज घरी बोलता येत असताना एकटेपणा कसला, असे मागे राहिलेल्यांना वाटते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे केले होते : एक जिव्हाळ्याचे माणूस नसण्याचा आणि दुसरा आजूबाजूला आपला गोतावळा नसण्याचा, आणि एक भरून निघाल्याने दुसरा भरून निघत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. फोन पहिल्यावर इलाज करतो. परंतु कार्यालयातल्या अर्जावर ‘आणीबाणीच्या प्रसंगी कोणास कळवावे’ या रकान्यात सात समुद्रांपलीकडचा क्रमांक लिहून काय उपयोग, हा प्रश्न फोनने सुटत नाही. दोन देशांच्या घड्याळांमधल्या फरकामुळे घरच्यांशी बोलायची वेळ नेमकी इथल्या मोकळ्या वेळेतच पडते, म्हणजे वर सांगितलेले तास ज्या संध्याकाळांतून आणि सुट्ट्यांतून यायचे, त्याच आपण तिकडे देऊन बसतो. घरी फोन करू नये असे मी म्हणणार नाही. आठवड्यातल्या एक-दोन संध्याकाळी तरी तो नंतर करावा.

जोडीदाराच्या नोकरीमुळे आलेल्या आणि स्वतःला काम करण्याची परवानगी नसलेल्या माणसांची अडचण याहून मोठी आहे. नोकरी करणाऱ्याला निदान सहकारी तरी आयते मिळतात. यांच्या वाट्याला कोणतेच आयते ठिकाण येत नाही. त्यांना ‘बाहेर पडत जा’ असे सांगण्यापेक्षा घरातल्या नोकरदाराने आठवड्याचा एक ठरावीक वेळ मुलांची जबाबदारी स्वतःकडे घ्यावी आणि त्यांना बाहेर पडायची वाट मोकळी करून द्यावी.

हे सगळे केव्हा जुळून येते? नॉर्वेचे स्वेर्रे लिसगार यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत राहून परतलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांची माहिती तपासली, तेव्हा सहा महिन्यांहून कमी आणि दीड वर्षाहून अधिक काळ राहिलेले त्या मानाने सुखात होते, तर मधल्या काळातले सर्वांत खचलेले होते. पुढच्या अभ्यासांत हा आलेख सगळ्यांना लागू पडलेला नाही. तरी नवलाई ओसरल्यानंतर आणि माणसे जोडली जाण्याआधी एक कोरडा टप्पा येतो, हे परदेशात राहिलेल्या पुष्कळांना ओळखीचे वाटेल. त्या टप्प्यात ‘हा देश आपला नाही’ असा कायमचा निष्कर्ष काढण्याची घाई होते, आणि ती टाळावी असे मला वाटते. या टप्प्यात जुजबी ओळखी फार आधार देतात. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांच्या २०१४ च्या अभ्यासात, ज्या दिवशी अशा वरवरच्या ओळखीच्या माणसांशी अधिक बोलणे झाले, त्या दिवशी लोकांना अधिक बरे वाटल्याचे दिसले. ग्रंथालयातल्या बाई आपल्याला नावाने ओळखतात, याला मैत्री म्हणता येणार नाही. पण आपण इथे कोणाच्या तरी ओळखीचे आहोत, एवढे त्यातून नक्की कळते.

आपलेपणाची माझी कसोटी मात्र याच्या थोडी पुढची आहे. आपण एखाद्या आठवड्यात गेलो नाही, तर कोणी विचारपूस करते का? आणि कोणी आपल्याकडे हक्काने काही मागते का : घराची किल्ली ठेवून घ्या, मुलाला तासभर सांभाळा, कपाट उचलायला या. नवागत माणूस मदत घेऊन घेऊन ओशाळलेला असतो. त्याच्याकडे पहिल्यांदा कोणी मदत मागते, तेव्हा तो पाहुणा राहत नाही.

म्हणूनच माझे उरलेले म्हणणे परदेशात आधीच स्थिरावलेल्यांसाठी आहे. २०२४ च्या मध्याला जगात सुमारे ३० कोटी ४० लाख लोक जन्मदेशाबाहेर राहत होते, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. तेव्हा आपल्या आसपास असा एखादा माणूस असतोच. त्याला ‘काही लागले तर सांगा’ म्हणू नये, कारण तो कधीच सांगत नाही. ‘गुरुवारी सहा वाजता आम्ही जमतो, तुम्ही खुर्च्या मांडायला पंधरा मिनिटे आधी या’ असे म्हणावे, आणि त्याने नाही म्हटले तर पुढच्या गुरुवारी पुन्हा विचारावे. पहिल्या नकारामागे बहुधा आपण खरेच बोलावतो आहोत की रीत म्हणून, ही शंकाच असते.