‘सगळे पापी’ म्हणजे ‘सगळे सारखेच’ नव्हे

‘ख्रिस्ती धर्मात खुनी आणि थापाड्या एकाच मापाचे’ असा मजकूर सध्या फिरतोय. तो अर्धवट आहे. सर्वांनी पाप केले आहे, हे बायबलमधल्या रोमकरांस पत्रात (३:२३) आहेच. पण त्याचा रोख कोणीही स्वतःच्या पुण्याईवर तरत नाही, यावर आहे. न्यायनिवाडा करणाऱ्या रोमन सुभेदार पिलातासमोर उभा असलेला येशू म्हणतो, मला तुझ्या हाती देणाऱ्याचे पाप अधिक आहे (योहान १९:११). अधिक! म्हणजे कमी-जास्त आलेच. कॅथलिक परंपरा तर गंभीर आणि क्षम्य अशी सरळ वर्गवारीच करते. गोंधळ बहुधा याकोबाच्या पत्रामुळे (२:१०) होतो: एक नियम मोडला तरी माणूस सगळ्या नियमशास्त्राचा दोषी. पण दोषी ठरणे वेगळे आणि दोष किती मोठा, हे वेगळे.