निर्वासित मुलांचे जंत: त्या व्हायरल मजकुरात काय चुकलंय

युरोपात येणाऱ्या निर्वासित मुलांबद्दल एक दावा पुन्हापुन्हा फिरतोय: ही मुलं परजीवी घेऊन येतात आणि वर्गातल्या इतरांना लागण करतात; खरंच आजारी असतील तर लक्षणं दिसतातच; शंका आलीच तर एकदा शौचाची तपासणी करा, जंताची एक गोळी द्या, काम संपलं. या मजकुराला सगळ्या जगाची काळजी आहे, फक्त त्या मुलाची नाही.

आधी लागणीचं बघू. खरूज, जुलाब करणारा जिआर्डिया हे एकाकडून दुसऱ्याकडे जातात, हे खरंच आहे. पण ते युरोपात आधीपासून आहेत आणि त्यांच्यावर उपचारही आहेत. शिस्टोसोमा हा रक्तवाहिन्यांत राहणारा जंत मात्र बाकावर शेजारी बसून लागत नाही. त्याची अंडी गोड्या पाण्यात पडावी लागतात, तिथे ठरावीक जातीची गोगलगाय असावी लागते, तिच्यातून बाहेर पडलेल्या अळ्या पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. हिवतापाला डास लागतो, सीरियातून आलेल्या मुलांच्या चेहऱ्यावरच्या लीशमॅनिया या परजीवीच्या व्रणाला वाळूमाशी. फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावर 2013 साली कावू नदीत डुंबलेल्यांना शिस्टोसोमाची लागण झाली होती, हे मी लपवणार नाही. त्यातून निघणारा अर्थ एवढाच, की आलेल्यांची तपासणी आणि उपचार लवकर व्हावेत.

दुसरा मुद्दा सगळ्यात घातक: ‘लक्षणं दिसतीलच.’ स्ट्राँगिलॉइडिस हा जंत माणसाच्या शरीरातच पुन्हापुन्हा लागण करत राहतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. दुसऱ्या महायुद्धात बर्मा-थायलंड रेल्वेवर राबवलेल्या युद्धकैद्यांमध्ये तो तीस-चाळीस वर्षांनंतरही सापडला. एरवी मूल खेळतं-खातं असतं, फार तर पोट दुखतं, अंगावर खाज येते. मग कधीतरी दम्यासाठी किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी स्टिरॉइड सुरू होतं, प्रतिकारशक्ती दबते आणि अळ्या शरीरभर पसरतात. त्यात जीव जाऊ शकतो. शिस्टोसोमामुळे लघवीतून रक्त जाण्याचंही असंच. शिस्टोसोमा जिथे घरोघरी आहे तिथे मुलग्यांची लाल लघवी वयात येण्याची खूण मानली जाते, आणि मुलींचं रक्त पाळीचं समजून सोडून दिलं जातं. मुलं स्वतःहून सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी त्यात वेगळं काही नसतं. विचारावंच लागतं. उपचार न झाल्यास मूत्राशय आणि मूत्रपिंडं खराब होतात, पुढे मूत्राशयाचा कर्करोगही होऊ शकतो.

एका शौच तपासणीवर भिस्त ठेवणं चूकच. स्ट्राँगिलॉइडिसच्या अळ्या शौचात थोड्या आणि अधूनमधून येतात. एक नमुना स्वच्छ निघाला म्हणजे मूल मोकळं झालं, असं नाही. रक्तात इओसिनोफिल (जंतांच्या लागणीत वाढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी वाढलेल्या दिसल्या तर तो धागा सोडू नये, पण त्या वाढल्या नाहीत म्हणून निर्धास्तही राहू नये. म्हणूनच युरोपच्या रोग नियंत्रण केंद्राने 2018 मध्ये, शिस्टोसोमा आणि स्ट्राँगिलॉइडिस या दोन्हींचा प्रादुर्भाव असलेल्या देशांतून आलेल्यांसाठी रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी सुचवली. अमेरिकेत स्थायिक झालेल्या दक्षिण सुदानी ‘लॉस्ट बॉईज’ची अशी चाचणी झाली तेव्हा जवळजवळ निम्म्यांमध्ये स्ट्राँगिलॉइडिसची प्रतिपिंडं आढळली. यादवी युद्धातून पळून अनेक वर्षं छावण्यांत काढलेली ही मुलं.

राहिली ती एक गोळी. अल्बेंडाझोलचा एक डोस गोल जंतांवर चालतो. शिस्टोसोमाला प्रॅझिक्वाँटेल लागतं, तेही वजनाच्या हिशेबाने. स्ट्राँगिलॉइडिसवर आयव्हरमेक्टिन हे पहिलं औषध, पण ते डोळे झाकून द्यायचं नाही. कॅमेरूनसारख्या मध्य आफ्रिकी देशांत लोआ लोआ नावाचा जंत असतो. त्याच्या अळ्या रक्तात खूप असताना आयव्हरमेक्टिन दिलं तर मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. म्हणून तिकडून आलेल्याचं रक्त आधी दुपारच्या वेळी घेऊन तपासतात. मूल जन्मलं कुठे, कोणत्या वाटेने आलं, कोणत्या नदी-तळ्यात उतरलं, हे दुभाषी सोबत घेऊन औषधाआधी विचारायचं असतं.