उंटावरच्या शहाणीकडून उत्तर

नमस्कार सर,

जैसलमेरच्या एका दिवसाच्या वाळवंट सफारीवर मी जो लेख लिहिला, त्यावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. थोडा राग आला. आज सकाळी चहाबरोबर परत वाचली आणि सासूबाईंनाही वाचून दाखवली, कारण त्या सहलीत त्या माझ्याबरोबर होत्या. त्या म्हणाल्या, "मास्तर अर्धे बरोबर आहेत. उत्तर दे, पण भांडू नकोस." तेव्हा भांडत नाही.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचे मुद्दे थोडक्यात सांगते. उंटाच्या 'वशिंडात' पाणी साठतं हे मी लिहिलेलं वाक्य चूक आहे. फोटोतल्या उंटाच्या तोंडाला फेस येईतो तो दमलाय आणि मी मात्र सूर्यास्ताचं कौतुक करत बसले. नाकात खुंटी घातलेल्या जनावरावर मिरवणं ही क्रूरता आहे, अशा सफारी बंदच करायला हव्यात. आणि मी वाळवंटाला 'निर्मनुष्य' म्हटलं ते निव्वळ शहरी अज्ञान. शेवटी तुम्ही मला 'उंटावरची शहाणी' म्हणालात. ते मला इतकं आवडलं की शीर्षकातच घेतलं.

पाण्याचं पूर्ण मान्य. एका वाक्यात मी दोन चुका केल्या. वशिंड बैलाचं, उंटाची ती मदार. आणि मदारीत पाणी नसतं, चरबी असते. उंटाची खायची आबाळ झाली की मदार सैल पडून एका बाजूला कलंडते. पाण्याची काटकसर तो वेगळ्याच ठिकाणी करतो. तहानलेला उंट दिवसा अंग ४०-४१ अंशांपर्यंत तापू देतो, पण घाम काढत नाही, आणि रात्रीच्या गारव्यात तेच अंग ३४ पर्यंत उतरवतो. लघवी दाट, लेंडी कोरडी. त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी लांबट गोल असतात, म्हणून पाणी मिळालं की दहा-पंधरा मिनिटांत शंभरेक लिटर ओढलं तरी त्या फुटत नाहीत. लेखातलं वाक्य मी बदललंय. तुम्ही चाळीस वर्षं सातवीच्या पोरांना विज्ञान शिकवलंत, आणि माझ्या लेखात तेवढंच तुमच्या डोळ्यांना खुपलं असतं तर मी सुटले असते.

पण फेसाचं तसं नाही, सर. आम्ही गेलो डिसेंबरात. नर उंटांचा माजावर यायचा मोसम साधारण हिवाळाच असतो. त्या दिवसांत नर दात खातो, तोंडाला पांढरा फेस आणतो, घशातून घागरीत पाणी भरल्यासारखा गुळगुळ आवाज काढतो आणि मधूनच गालाच्या एका बाजूनं गुलाबी फुग्यासारखं काहीतरी बाहेर लोंबवतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याची जीभ सुजलीय असं वाटून ओरडलेच. तो टाळूचा मऊ भाग असतो, हवा भरून बाहेर काढलेला. आमच्या उंटाचा मालक हसत म्हणाला, "मॅडम, इसका शादी का टाइम है." उंट दमला की नाही हे फेसावरून कळत नाही. ते मला कुठून कळलं, तो भाग मी लेखात घातलाच नव्हता. तुमच्या टीकेतला खरा घाव त्या जागी बसला, म्हणून आता सांगते.

दुपारी चारच्या सुमारास आम्ही सम गावच्या धोऱ्यांवर, म्हणजे वाळूच्या टेकड्यांवर पोचलो. जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटर पश्चिमेला. रस्त्याच्या कडेला उंटांची रांग बसलेली, गळ्यात कवड्या-काचांचे गोरबंद, पाठीवर रंगीत गोधड्या. कॅम्पवाल्यानं आमच्यासाठी एक उंट पुढे केला. सासूबाई शेतकऱ्याच्या घरातल्या, लग्नाआधी बैलांत वाढलेल्या. त्या उंटावर चढायच्या आधी त्याच्याभोवती एक चक्कर मारून आल्या, पालाणाच्या, म्हणजे उंटाच्या खोगिराच्या, खालची गोधडी दोन बोटांनी उचलली आणि म्हणाल्या, "ह्याची पाठ लागलीय."

मी वाकून पाहिलं. मदारीच्या मागे, पालाणाची लाकडी कड जिथे घासते तिथे, रुपयाएवढं ओलं लाल. भोवतीचे केस गेलेले, वर हळद की कसलीशी पूड टाकलेली आणि त्यावर माशी. गोधडी परत खाली सोडली की काही दिसत नव्हतं. कॅम्पचा माणूस म्हणाला, काही होत नाही, रोजचं आहे. सासूबाई मराठीतच म्हणाल्या, "रोजचं आहे तेच सांगतेय मी." भाषा त्याला कळली नसेल, सूर कळला. उंट बदलून मिळाला, पण त्यासाठी वीस मिनिटं वाद घालावा लागला. तो पहिला उंट तिथेच बसून होता, आणि आम्ही निघताना वळून पाहिलं तेव्हा एक कुटुंब त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढत होतं. नंतर त्यावर कोण बसलं, मला माहीत नाही. मी जाऊन त्यांना सांगितलं नाही. सूर्य खाली येत होता आणि मला घाई होती.

हा सगळा परिच्छेद मी कच्च्या खर्ड्यात लिहिला होता. मग लेखाचा 'मूड' जातो म्हणून कापला. यात तुम्ही मला काय म्हणाल ते म्हणा.

आता खुंटी. तिला तिकडे गिरबाण म्हणतात. नाकपुड्यांच्या वरच्या भागातून आरपार गेलेली लाकडी खुंटी. दिसायला वाईटच दिसते. पण सर, तुमच्या सोलापूर जिल्ह्यात बैलाच्या नाकात वेसण असते, तीही दाव्याला बांधून ओढतातच की. प्रश्न नाकात काय आहे याच्याइतकाच दुसऱ्या टोकाला हात कुणाचा आहे याचा. आमच्या दुसऱ्या उंटाच्या खुंटीला जाड दोर नव्हता, बारीक सुतळी होती, आणि दोर त्या सुतळीला बांधलेला. मालकानं कारण सांगितलं: हिसका बसला तर आधी सुतळी तुटावी, नाक फाटू नये. तो पूर्ण वेळ पुढे चालत होता, दोर सैल. बसवताना त्यानं तो ओढला नाही, नुसतं 'झै... झै...' असं काहीतरी म्हणत गुडघ्याला हात लावला. उलट शेजारच्या उंटावर एक बारा-तेरा वर्षांचा पोरगा मागून काठी मारत त्याला पळवत होता, कारण वर बसलेल्या तरुणांना व्हिडिओ हवा होता. तोच मोसम, तीच खुंटी.

'बंद करा' इथे मात्र माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ४ लाख उंट होते, २०१९ मध्ये अडीच लाख. सात वर्षांत तिसऱ्या हिश्शाहून जास्त गेले. ते पर्यटकांना पाठीवर घेऊन मेले नाहीत, त्यांना काम उरलं नाही. शेतात ट्रॅक्टर आला, पाण्याला टँकर, मालाला पिकअप. चराईची जमीन कुंपणात गेली. राजस्थाननं २०१४ मध्ये उंटाला राज्यप्राणी केलं आणि २०१५ मध्ये कत्तलबंदीचा कायदा आणला, त्यात उंट राज्याबाहेर नेण्यावरही निर्बंध आले. हेतू चांगलाच होता. पण बाहेरचा गिऱ्हाईक तुटला, नर उंटाचे भाव कोसळले, आणि पिढ्यान्‌पिढ्या उंट पाळणाऱ्या रायका-रेबारी घरांतली पोरं हॉटेलात कामाला लागली. ज्या जनावराचं दूधही फारसं कुणी विकत घेत नाही, ज्याला ओझंही कुणी देत नाही आणि जे विकताही येत नाही, त्याला कोण किती दिवस गवारीचा भुसा घालणार?

दयेचं आपल्याकडचंच एक उदाहरण आहे. जानेवारी २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात पोलिसांनी ५८ उंट अडवले. कत्तलीला नेत असल्याचा संशय होता. मालक कच्छचे रबारी, जे मेंढ्या आणि उंट घेऊन वर्षानुवर्षं विदर्भात फिरतात. उंट गोरक्षण केंद्रात कोंडले गेले. मोकळ्यावर झाडपाला ओरबाडत चालणारं जनावर ते, दावणीला बांधून टाकलेला चारा त्याला मानवत नाही. शेवटी कोर्टानं ते मालकांकडेच परत दिले. उंटाचं भलं इच्छिणारे सगळेच होते तिथे, फक्त उंट पाळलेला माणूस सोडून कुणाला उंट कळत नव्हता.

म्हणून मी उंटावर बसले आणि परत गेले तर परत बसेन. बसायची पद्धत मात्र बदलेन. आम्ही दोघी एकाच उंटावर बसलो होतो, ते नको होतं. पाच-सहाशे किलोचं जनावर ते, आमचं वजन त्याला पेललंच असणार. पण दिवसातली ती त्याची सहावी फेरी होती, हे मी परतीच्या वाटेवर विचारलं. आणि पैसे. कॅम्पनं आमच्याकडून आठशे घेतले. मालकाच्या हातात त्यातले अडीचशे पडतात, हे त्यानं आढेवेढे न घेता सांगितलं. अडीचशेत सहा फेऱ्या मारल्याशिवाय त्याचं भागत नाही, आणि सहा फेऱ्या मारल्या की पाठ लागते. पालाणाखालच्या त्या रुपयाएवढ्या जखमेचा हिशोब इथे लागतो. कॅम्पला वगळून थेट उंटवाल्याशी बोला, त्यालाच पूर्ण पैसे द्या, एकच लांब फेरी घ्या, आणि बसण्याआधी गोधडी उचलून बघा. लेखात आता हे सगळ्यात वर टाकलंय.

तुम्ही उंटावर इतके घसरलात की जीप तुमच्या नजरेतून सुटल्या, याची गंमत वाटली. लेखात मी त्या 'थरार' म्हणून लिहिल्या होत्या, त्याची मला आता जास्त लाज वाटते. समच्या धोऱ्यांवर संध्याकाळी त्या उघड्या जीप अशा भरधाव वरखाली जातात की वाळूवर मूळ धरलेलं जे काही असेल ते उपटून निघतं, आणि रात्री कॅम्पांमधून डीजे. हे सगळं चालतं ते वाळवंट राष्ट्रीय उद्यानाला लागून. तीन हजार चौरस किलोमीटरहून मोठं हे उद्यान गोडावणसाठी राखलेलं आहे. गोडावण म्हणजे आपला माळढोक, सर. तुमच्या सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्याचा. जगात आता दीडशेच्या आसपासच उरलेत आणि त्यातले बहुतेक जैसलमेरच्या या माळांवर. मादी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते. समलाच त्यांची अंडी उबवून पिल्लं वाढवायचं केंद्र आहे, २०१९ पासून. विजेच्या तारांना धडकून मरणाऱ्या माळढोकांचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. आणि मी तिथे बसून डीजेच्या गाण्यांची यादी लिहिली होती. ती काढली.

'निर्मनुष्य'बद्दल हात जोडते. थर हे जगातल्या सगळ्यात दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक आहे आणि मी सकाळपासून माणसांमध्येच होते. ओसाड होतं ते फक्त कुलधरा, पालीवाल ब्राह्मणांनी एकोणिसाव्या शतकात सोडून दिलेलं गाव. तिथेही शाळेच्या दोन सहली आल्या होत्या. वाटेत ड्रायव्हरनं जीप थांबवून एक काटेरी झाड दाखवलं, खेजडी. त्याच्या शेंगा म्हणजे सांगरी, तीच दुपारी ताटात केर नावाच्या तिकडच्या छोट्या फळांबरोबर भाजी म्हणून आली. सासूबाईंनी पान चुरगाळून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही तर शमी." खरंच शमीच. आपण दसऱ्याला जिच्या पानांची आठवण काढतो, तिचा पाला तिथे शेळ्या-उंट वर्षभर खातात. आपल्या देवराईसारखं तिकडे ओरण असतं, देवाच्या नावानं सोडलेलं रान, जिथे कुऱ्हाड चालत नाही पण चराई चालते. या ओरणांच्या जमिनी सौर प्रकल्पांना जातात म्हणून गावकरी भांडताहेत. उंट कुठे गेले, याचं एक उत्तर तिथेही आहे.

एक अवांतर. पेशवाईत तातडीचे खलिते सांडणीस्वार न्यायचे, आणि सांडणी म्हणजे वेगानं पळणारी उंटीणच. पत्र वेळेवर पोचलं, यात घोड्याइतकंच तिचंही श्रेय आहे. आपण उंटाला म्हणींमध्ये ठेवलं, एक शहाण्याची आणि एक शेळ्या हाकण्याची, दोन्हींत तो बिचारा फक्त खाली उभा.

सूर्यास्ताबद्दल मी जे लिहिलं ते मात्र एक अक्षरही बदलत नाही. पावणेसहाला धुळीच्या थरात सूर्याची ताटली फिकट होत गेली आणि क्षितिजाला टेकायच्या आधीच विझली. वाळू अजून कोमट होती, हवा गार.

राहता राहिला तुमचा ताजा कलम. चार परिच्छेद मला झोडपून झाल्यावर तुम्ही खाली विचारलंत, की जानेवारीत मुलगा-सून तुम्हाला तिकडेच नेताहेत, तर थंडी किती आणि गुडघ्याला झेपेल का. मला फार हसू आलं, सर. थंडी रात्री पाच-सात अंशांपर्यंत उतरते. दुपारी स्वेटर नको वाटतो म्हणून गाडीत ठेवून जाल, तसं करू नका. गुडघ्याला चालताना त्रास नाही, उठता-बसताना आहे. उंट आधी मागचे पाय उभे करतो, तेव्हा माणूस पुढे फेकला जातो. मग पुढचे, तेव्हा मागे. बसताना तो आधी पुढचे पाय दुमडतो, म्हणून तेव्हाही माणूस आधी पुढेच फेकला जातो. उठताना पहिल्यांदा मागे रेला आणि पालाणाची खुंटी दोन्ही हातांनी धरा. सासूबाईंनी एका हातानं धरली होती, दुसरा कपाळाला लावून "विठ्ठला" म्हणत होत्या. चालताना तो एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो, म्हणून होडीसारखं हलतं. मांड्या आवळून धरू नका, कंबर सैल सोडा. आणि तरी भीती वाटली तर उंटगाडी मिळते, चार माणसं मांडी घालून बसतात.

गोधडी उचलून बघायला सुनेला सांगा. तुम्ही वाकू नका.