मीठ, मे महिना आणि माझे लोच

नमस्कार काका,

नवे मासे चार आठवडे वेगळे ठेवा, आणि माझे लोच मासे आजारी पडले त्यात दुकानदाराचा दोष, असं मी मागे लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला होता. रात्री परत वाचली आणि उत्तर द्यायला दोन दिवस घेतले, कारण तुमचं निम्मं म्हणणं खरं आहे. इतरांनाही कळावं म्हणून त्यातला मुख्य भाग इथे देतो : "तीस वर्षं झाली मासे पाळून. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत पोट्टे नवे मासे आणायचे, ठिपके यायचे, मूठभर जाडं मीठ टाकलं की तीन दिवसांत मासे साफ. चार आठवडे वेगळे ठेवा म्हणून लोकांना काऊन घाबरवून राहिले? आणि स्वतःच्या चुकीचं खापर दुकानदारावर कशाला?"

आधी खापराचं बघू. ते मी मागे घेतो. क्लाउन लोच हा मूळचा सुमात्रा-बोर्निओकडचा मासा. तिकडून निघून, पिशव्या बदलत बदलत, आपल्या दुकानापर्यंत येतो तेव्हा अर्धमेला झालेला असतो. त्यात या जातीला पांढरे ठिपके सगळ्यात आधी होतात. दुकानात मासा ठणठणीत दिसला, यात दुकानदारानं मला फसवलं असं काही नव्हतं. घरी आणून तासाभरात थेट मोठ्या टँकमध्ये सोडला तो मी. पिशवीतल्या पाण्यासकट.

आता तुमचं "तीन दिवसांत साफ". इथे मात्र मी हटणार नाही.

माशाच्या अंगावर दिसतो तो पांढरा ठिपका म्हणजे कातडीच्या आत बसून खाणारा एकपेशी परजीवी. पोट भरलं की तो आपणहून गळून पडतो, मीठ टाका की नका टाकू. पडतो तो खडीत. तिथे भोवती कवच करतो आणि आतल्या आत विभागत राहतो. मग त्या एकातून शेकड्यांनी पिल्लं पोहत बाहेर निघतात. त्यांच्याकडे वेळ असतो फार तर एक-दोन दिवसांचा. तेवढ्यात मासा सापडला नाही तर मेली. औषध काय, मीठ काय, लागू पडतं ते या पोहणाऱ्या पिल्लांनाच. कातडीखाली किंवा कवचात ते पोहोचत नाही. म्हणजे मासा चकचकीत दिसायला लागतो, त्याच सकाळी खडीत खरी गर्दी असते.

हे मला पुस्तकानं नाही, डिसेंबरनं शिकवलं. चार लोच आणले. पाचव्या दिवशी एकाच्या शेपटीवर रवा भुरभुरल्यासारखे कण दिसले, आणि बाकीचे तिघं खडीला कूस घासत सुळकन वर निघत होते. मिथिलीन ब्ल्यू हे निळं औषध टाकलं. सकाळी पाण्याचा निळा रंग गायब. फिल्टरमधला कोळसा रात्रभर औषध शोषत बसला होता, तो काढायचा असतो हे मला माहीतच नव्हतं. कोळसा काढून पुन्हा टाकलं, चार दिवसांत ठिपके गेले, मी औषध बंद केलं. बारा दिवसांनी एंजल मासे फिल्टरच्या धारेखाली तोंड वर करून उभे. लागण कल्ल्यांच्या आत असली की वरून ठिपकाही दिसत नाही, नुसती धाप दिसते.

मग घाबरून दुप्पट डोस. त्यानं फिल्टरमधले, माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू मेले आणि तो अमोनिया चढला. दोन लोच आणि तीन टेट्रा गेले. त्यातले निदान दोन तरी माझ्या औषधानं मेले असंच मी धरून चालतो. "अर्धवट ज्ञान" हा तुमचा शब्द त्या आठवड्यापुरता कबूल.

पण काका, तुमचे मासे कशानं वाचले ते तुम्हीच लिहिलंय. उन्हाळ्याची सुट्टी! शंभर लिटरच्या टँकमध्ये मूठभर मीठ म्हणजे पन्नासेक ग्रॅम, लिटरला अर्धा ग्रॅम. वरणालाही तेवढ्यानं चव यायची नाही. उपचार म्हणून टाकायचं तर लिटरला दोन-तीन ग्रॅम लागतं, आणि ते झाडांना मारतं, लोचलाही सोसत नाही. नागपुरात मे महिन्यात कूलर नसलेल्या खोलीतलं पाणी सहज 32-33 अंशांवर जातं. साधारण 30 च्या वर या परजीवीची वाढच खुंटते. म्हणजे तुमचा डॉक्टर आपलं ऊन होतं, मीठ फक्त बाजूला उभं होतं. माझ्या टँकचं पाणी डिसेंबरात 20 वर होतं. हीटर होता, तो बंद पडलाय हे सांगणारा थर्मामीटर नव्हता. पाणी थंड असलं की जे चक्र कोमट पाण्यात तीन-चार दिवसांत फिरतं ते आठवड्यांवर लांबतं. म्हणून शेवटचा ठिपका गेल्यावरही उपचार चालू ठेवायचा, थंडीत तर आणखीच.

आता मी हीटरनं पाणी हळूहळू, दिवसाला एक-दोन अंश, 30 पर्यंत नेतो आणि एअर पंप सोबत लावतोच. 20 अंशांच्या पाण्यात लिटरला 9 मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, 30 ला साडेसात. कल्ले आधीच खराब झालेल्या माशाला तो फरक जड जातो.

"दोन खोल्यांच्या घरात दुसरा टँक कुठे ठेवू" हे तुम्ही विचारलं ते रास्त. माझ्याकडेही दुसरा टँक नाही. धान्याचा जुना प्लास्टिकचा डबा आहे, वीस-पंचवीस लिटरचा, कधी साबण न लागलेला. त्यात स्पंज फिल्टर, लपायला पाइपचा एक तुकडा, वर झाकण म्हणून जाळी. स्पंज आधी महिनाभर मोठ्या टँकमध्येच ठेवायचा म्हणजे जिवाणू तयार मिळतात. खडी टाकायची नाही. मासे पकडायची जाळी आणि पाणी काढायचा मगही डब्यासाठी वेगळे ठेवायचे, हे विसरलात तर डब्याचा काही उपयोग नाही. डबा पलंगाखाली मावतो. घरात बोलणी खावी लागतात, ते वेगळं.

घरी या, काळ्या मॉलीची जोडी देतो, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. रविवारी सक्करदऱ्याकडे येणंच आहे, नक्की येतो. मॉली घेईन, पण चार आठवडे त्या डब्यात राहतील. राग मानू नका.