‘309 मारा आणि विसरा’: हे निम्मंच खरं

बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या गॅरेजवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. सांगणं असं: स्टेनलेसचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनच्या हेडमधला धूर गोळा करून पुढे नेणारे पाइप) वेल्ड करायचा असेल तर डोळे मिटून 309 फिलर (सांध्यात वितळवायची तार) वापरा, नंबर मोठा तेवढी ताकद जास्त. पाइपला चुंबक लागलं नाही की तो 304, म्हणजे नेहमीचा चांगला स्टेनलेस. वेल्ड करताना पाइपच्या आतून आर्गन वायू सोडणं म्हणजे सिलिंडर रिकामा करायचे धंदे. आणि एवढं करून तडा गेलाच, तर फिलर डुप्लिकेट होता. यातलं अर्धं वाक्य बरोबर आहे.

आधी तेच अर्धं घेऊ. पाइप दीड-दोन मिलिमीटरचा 304 चा असतो, पण हेडवर बसणारा फ्लँज (बोल्टनं जखडायची पट्टी) बरेच मेस्त्री एमएस, म्हणजे साध्या लोखंडाच्या प्लेटमधून कापतात, दहा-बारा मिलिमीटर जाड. त्या सांध्याला 309एलच (एल म्हणजे कमी कार्बनचा) हवा. वेल्ड मारताना फ्लँजचं लोखंड वितळून फिलरमध्ये मिसळतं आणि क्रोमियम-निकेलचं प्रमाण खाली येतं. 308 मध्ये साधारण 20 टक्के क्रोमियम आणि 10 टक्के निकेल. त्यात एमएस भरपूर मिसळलं तर सांधा कडक आणि ठिसूळ होऊ शकतो. 309 मध्ये तेच प्रमाण 23-24 आणि 13 च्या आसपास, त्यामुळे लोखंड मिसळलं तरी सांधा स्टेनलेसच राहतो. इथे उपयोग होतो तो या जास्तीच्या मालाचा, ताकदीचा नाही.

आता 304 पाइपला 304 पाइप. इथे 308एल. 309 लावला म्हणून सांधा लगेच तुटत नाही, कुणाचे चालत असतील तर चालोत. पण पैसे जास्तीच्या निकेलचे मोजायचे आणि हाती काही लागत नाही. उलट 309 च्या वेल्डमध्ये फेराइट (स्टीलच्या आतल्या रचनेचा एक प्रकार) सहसा जास्त असतं, आणि 550 ते 900 अंशांत बराच काळ राहिलं तर त्यातून सिग्मा नावाची ठिसूळ अवस्था तयार होते. टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा भरणारा पंप) लावलेल्या पेट्रोल इंजिनाचा मॅनिफोल्ड नेमका त्याच तापमानात जगतो. पाइप 321 चा असेल तर फिलर 347. 321 मधलं टायटॅनियम आर्कमधून नीट पलीकडे जात नाही, म्हणून फिलरमध्ये नायोबियम असतं. ‘316 भारी’ म्हणणाऱ्यांना एवढंच: त्यातलं मॉलिब्डेनम मुख्यतः खाऱ्या हवेपाण्यातल्या गंजासाठी आहे.

चुंबकाची परीक्षा तर दोन्ही बाजूंनी फसवते. भंगारात आणि रेलिंगच्या दुकानात मिळणाऱ्या 200 सिरीजच्या पाइपलाही चुंबक लागत नाही; त्यात निकेल वाचवून मँगनीज घातलेलं असतं. उलट कंपनीच्या सायलेन्सरमध्ये येणारा 409 चुंबकाला घट्ट धरतो, आणि तो तर एक्झॉस्टसाठीच वापरला जाणारा स्टेनलेस आहे. चुंबक लागलं म्हणून ‘हे लोखंड’ असं ठरवून त्यावर साधी एमएसची तार ओढलेली पाहिली, की वाईट वाटतं. पाइप घेताना बिलावर ग्रेड लिहून घ्या, नसेल तर टेस्टिंगचं लिक्विड टाकून बघा.

आतून आर्गन न देता मारलेल्या सांध्याची आतली बाजू बोटानं चाचपून बघा: काळी, खरखरीत, दाणेदार. तिथला क्रोमियम जळून गेलेला असतो, तडा तिथूनही सुरू होऊ शकतो. शिवाय त्याचे कण सुटून थेट टर्बोच्या चाकावर आपटतात. तोंडं फॉइलनं बंद करून, दुसऱ्या टोकाला बारीक भोक ठेवून गॅस मंद सोडला तर फार जात नाही.

राहिला तडा. तो बहुतेक वेळा वेल्डमध्ये नसतोच, वेल्डच्या कडेला पाइपमध्ये असतो. 304 तापला की साध्या लोखंडापेक्षा सुमारे दीडपट फुलतो. अर्धा मीटर लांबीचा पाइप 600 अंशांनी तापला तर पाच मिलिमीटरच्या वर वाढतो, आणि फ्लँज तर पाण्यानं थंड राहणाऱ्या हेडला बोल्टनं जखडलेला. ही ओढाताण कुठलाही फिलर थांबवणार नाही. फ्लँज दोन पोर्टच्या (धूर बाहेर पडायच्या भोकांच्या) मधे कापून मोकळा ठेवा, लांब रनरला (पोर्टपासून निघणाऱ्या पाइपला) स्लिप जॉइंट, म्हणजे एकात एक सरकणारा सांधा द्या, टर्बोचं वजन मॅनिफोल्डवर न टाकता ब्रॅकेटवर घ्या. फिलर डुप्लिकेट नसतो असं नाही, पण दोष द्यायला तो फारच सोयीचा आहे.

एक गोष्ट त्या मजकुरात नाही, पण गाळप सुरू झालं की चिकोडी-संकेश्वरकडे ती हमखास घडते. उसाच्या ट्रॅक्टरचा मॅनिफोल्ड फुटतो आणि कुणीतरी त्यावरही 309 ओढतो. तो मॅनिफोल्ड बहुधा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो! बिडातला कार्बन वेल्डमध्ये शिरतो, कड काचेसारखी कडक होते आणि थंड होतानाच टिचते. त्याला निकेलचा रॉड लागतो. आधी मंद गरम करून, इंच-दीड इंचाचे तुकडे मारत, प्रत्येकावर गरम असतानाच हलका हातोडा, आणि शेवटी राखेत पुरून सावकाश थंड करणं. एवढा वेळ हंगामात कुणाकडे नसतो, तेव्हा आधी नव्या मॅनिफोल्डचा भाव विचारून बघा.