गोळीची किंमत पेशंट ठरवत नाही

औषधं महाग का, असं विचारलं की लगेच उत्तर येतं, पेटंट. काही आजारांपुरतं ते खरं आहे. 2012 मध्ये एका भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटवाल्याच्या संमतीशिवाय तेच औषध बनवायची सरकारी परवानगी, मिळाला आणि कॅन्सरचं सोराफेनिब महिन्याला 2 लाख 80 हजारांवरून 8,800 रुपयांवर आलं. पण बीपी-शुगरच्या बहुतेक नेहमीच्या गोळ्यांची पेटंटं कधीचीच संपलीत. तरी बिल का उतरत नाही?

नागपुरात धंतोलीतल्या कुठल्याही मेडिकलसमोर थोडा वेळ उभं राहून बघा. चिठ्ठी पुढे होते, "किती झाले?" विचारलं जातं, आणि मग हळूच, "सध्या पाचच दिवसांच्या द्या." दुकानदार कात्रीने स्ट्रिप कापतो. एमआरपी छापलेला तुकडा बऱ्याचदा त्याच्याकडेच राहतो. तेच औषध दुसऱ्या कंपनीचं स्वस्त असलं, तरी लिहिलेला ब्रँड परस्पर बदलून द्यायला नियमाने मनाई आहे. पैसे पेशंटचे, निवड डॉक्टरची. त्यामुळे कंपन्या पेशंटसाठी भाव पाडत नाहीत, डॉक्टरांकडे एमआर, म्हणजे आपले विक्री प्रतिनिधी, पाठवतात. त्या एमआरचा पगारही शेवटी आपल्याच बिलातून निघतो.

"पण सरकारचा कंट्रोल आहे ना?" आहे. 1995 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात किंमत उत्पादनखर्चावर ठरायची. 2013 पासून आवश्यक औषधांच्या सरकारी यादीतल्या औषधांसाठी बाजारात किमान 1 टक्का वाटा असलेल्या ब्रँडांच्या भावाची सरासरी काढतात आणि त्यावर दुकानदाराचे 16 टक्के चढवतात. महाग ब्रँडच जास्त असतील तर सरासरीही चढीच येणार! शिवाय दरवर्षी घाऊक महागाईप्रमाणे वाढ. एप्रिल 2023 मध्ये ती 12 टक्क्यांच्या वर होती. यादीबाहेरच्या औषधांची तर पहिली किंमत कंपनीच ठरवते, आणि वर्षाला 10 टक्के वाढवायची मुभा.

माझं स्पष्ट मत आहे, किंमत पुन्हा खर्चावर ठरवा. 2019 मध्ये कॅन्सरच्या 42 औषधांवर व्यापारी नफ्याला 30 टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सगळ्याच औषधांना लावा. हे केंद्राचं काम झालं. सरकारी दवाखान्यांची खरेदी मात्र राज्याच्या हातात आहे. तामिळनाडू 1995 पासून एकत्र खरेदी करून औषधं थेट सरकारी दवाखान्यांत पोचवतं. आपल्याकडेही 2023 मध्ये खरेदी प्राधिकरण झालं. मग गरिबाच्या हातात "बाहेरून आणा"ची चिठ्ठी अजून का पडते? हिवाळी अधिवेशन आपल्याच गावात भरतं. आपापल्या आमदाराला गाठा आणि हा प्रश्न सभागृहात लावायला सांगा.